पिवळ्या रेघेपलीकडची पार्टी

मर्ल डोब्सनच्या कँटीनमध्ये बूट घालून शिरायची कुणाची छाती नव्हती. हॅरीज फ्लॅटच्या लाकूड मिलमधले ओंडके ओढणारे, करवत चालवणारे, फळ्या रचणारे सगळे दांडगे गडी चहाच्या सुट्टीत तिच्या दाराबाहेर बूट काढायचे आणि भोकं पडलेल्या मोज्यांनी गपगुमान आत जायचे. कुणाचा अंगठा बाहेर आलेला, कुणाची टाच उघडी. मर्ल चहाच्या बंबामागे उभी राहून सगळ्यांचे पाय न्याहाळायची आणि मग आज कुणाची हजेरी घ्यायची ते ठरवायची.

"नॉर्म, मोजे धुता येतात बरं का. घरी विचारून बघ."

"मावशी, पाण्याची टंचाई आहे."

"बियरची नाही ना? मग तीत धू."

मी त्या मिलमध्ये करवतींना धार लावायचो. निवृत्त होईपर्यंत माझेही बूट त्या दाराबाहेर उभे असायचे. मर्ल माझी शेजारीणही होती. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक मोडकं कुंपण, आणि ते कुणी दुरुस्त करायचं यावर आमचं कायमचं भांडण. तिचा नवरा लेस हृदयविकाराने गेला तेव्हापासून ते भांडण मी मुद्दाम मिटू दिलं नाही, कारण त्या निमित्ताने ती रोज दोन शब्द बोलायची.

मिलमध्ये दुसराही एक नियम होता. अंगणात फरशीवर आडवी पिवळी रेघ मारलेली होती. रेघेच्या अलीकडे ऑफिस, कँटीन आणि हिरवळ. पलीकडे ओंडके, करवती आणि लोडर. रेघ ओलांडायची तर पायात पोलादी नाकाचे बूट आणि अंगात नारिंगी जाकीट हवं, नाहीतर घरी जा. पंतप्रधान आले तरी त्यांना बूट देऊ, असं जुना मॅनेजर म्हणायचा. एका बाजूला बुटाशिवाय पाऊल टाकायचं नाही, दुसऱ्या बाजूला बुटासकट टाकायचं नाही. आम्हा सगळ्यांची हयात या दोन नियमांमध्ये गेली आणि आमचं त्यात काही बिघडलं नाही.

पुढे मॅनेजर झाला रॉस. रॉस हा मर्लच्या थोरल्या बहिणीचा, जॉयसचा मुलगा. जॉयस गेली तेव्हा तो शाळेत होता, आणि बापाचा पत्ता कुणालाच नव्हता. मर्ल आणि लेसला मूलबाळ नव्हतं. एका रविवारी लेस ट्रक घेऊन गेला आणि रॉसला, त्याच्या सायकलला आणि एका तोतऱ्या पोपटाला घेऊन आला. त्या दिवसापासून तो मर्लचा. फळ्या रचण्यापासून त्याने सुरुवात केली आणि चढत चढत ऑफिसात गेला. पोरगा हुशार होता, मी नाही म्हणत नाही. मॅनेजर झाल्यावर पहिल्याच दिवशी तो फोनवर बोलत बोलत बुटांसकट कँटीनमध्ये आला. सगळ्यांनी कप खाली ठेवले आणि मर्लकडे पाहिलं. मर्लने बुटांकडे पाहिलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याच्यासाठी चहा ओतला. बूट काढ म्हणाली नाही. मला तेव्हाच ते खटकलं होतं.

आता त्या पार्टीकडे येतो.

आमच्याकडे नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो, आणि त्या सुट्टीसाठी मिल बंद व्हायच्या दिवशी दरवर्षी पार्टी असायची. नाव कामगारांच्या क्लबचं. क्लबची सेक्रेटरी मर्ल, कारण नंतर भांडी घासायची तयारी दुसऱ्या कुणाचीच नसायची. हिरवळीवर सॉसेजेस भाजायचे, बायकांनी पावलोवाचे केक आणायचे, पोरांनी पाण्याचे फुगे फोडायचे आणि शेवटी लाकूडतोडीची शर्यत. आमच्या टास्मानियात पोरगं चालायला लागलं की त्याला कुऱ्हाडीजवळ जाऊ नको म्हणतात, आणि थोडं मोठं झालं की कुऱ्हाड देतात. आडव्या ओंडक्यावर उभं राहायचं आणि आपल्याच दोन पायांच्या मधोमध घाव घालत ओंडका तोडायचा. पायात कापडी बूट आणि त्यांच्या आत लोखंडी जाळीचे मोजे. कुऱ्हाड चुकून पायावर आली तर जाळी वाचवते. जाळीशिवाय ओंडक्यावर चढणारा माणूस आमच्या गावात वेडा समजला जातो.

दरवर्षी ही शर्यत फुटबॉलच्या मैदानात होई. त्या वर्षी होबार्टहून कंपनीचे मोठे साहेब येणार होते, फोटोवाल्याला घेऊन. रॉसच्या डोक्यात आलं की शर्यत मिलच्या आत, नव्या करवतघरासमोर घ्यायची, म्हणजे फोटो झकास येईल. प्रत्येक पाळीने एक गडी द्यायचा, आणि जिंकेल त्या पाळीला जानेवारीभर सकाळची ड्युटी, म्हणजे दुपारनंतर समुद्रावर जायला मोकळे. हे त्याने कँटीनमध्ये सगळ्यांसमोर जाहीर केलं. दुपारच्या पाळीने डेल हिंग्स्टनला पुढे ढकललं. डेलने तरुणपणी जत्रांमध्ये लाकूडतोडीच्या बक्षिसाच्या रिबिनी जिंकल्या होत्या. आता त्याला पोट सुटलं होतं आणि दोन मुली होत्या.

"अरे, माझी कंबर धरली तर कोण सोडवणार?" तो म्हणत होता.

"सकाळची ड्युटी सोडवेल. चढ बाबा."

मी प्रेक्षकांसाठी रेघेवर बांधलेल्या दोरीमागे उभा होतो, इतरांसारखाच हातात सॉसेज घेऊन. मोठ्या कर्ण्यातून गाणी वाजत होती. डेल कापडी बूट आणि जाळीचे मोजे घालून रेघेपलीकडे गेला, आणि रॉस त्याच्याजवळ आला. त्यांचं बोलणं चाललेलं मला दिसलं, ऐकू आलं नाही. डेलने हात हलवून काहीतरी सांगितलं, रॉसने साहेबांकडे एक नजर टाकली आणि पुन्हा काहीतरी म्हणाला. मग डेल खाली बसला, जाळीचे मोजे उतरवले आणि शेजारी बूट-जाकीट चढवून, पाण्याची बाटली घेऊन उभ्या असलेल्या मर्लच्या हातात दिले. कुणीतरी त्याला मिलचे बूट आणून दिले. ते चढवून तो ओंडक्यावर उभा राहिला. माझ्या पुढे दोरीला खेटून उभा असलेला नॉर्म म्हणाला, "हा काय बावळटपणा?" तेवढ्यात शर्यत सुरू झाली.

बुटाचं पोलादी नाक फक्त बोटं झाकतं. कुऱ्हाड त्याच्या मागे बसली.

त्यापुढचं मला नीट सांगता येत नाही. गाणं चालूच होतं, ते कुणी बंद करेना. मर्लने अंगातला एप्रन काढून डेलच्या पायाला आवळला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत दोन्ही हातांनी दाबून धरला. डेलची धाकटी मुलगी दोरीखालून आत शिरायला बघत होती, तिला मी उचलून धरलं. ती मला लाथा मारत होती. तिची लाथ अजून माझ्या मांडीत आहे असं वाटतं.

डेलचा पाय वाचला, पण नावापुरता. आणखी एक मोठं ऑपरेशन झालं नाही तर तो पाय भार घेणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. सरकारी रुग्णालयात त्यासाठी लांबलचक रांग होती. कामावर झालेला अपघात असता तर मिलच्या विम्यातून ऑपरेशनही लगेच झालं असतं आणि घरी बसल्या पगारही मिळाला असता. पण विमावाल्यांनी हात वर केले. पार्टी म्हणजे काम नव्हे, म्हणाले. पार्टी क्लबची होती, मिलची नव्हती. आणि पायातली जाळी डेलने स्वतःच्या मर्जीने काढली, तेव्हा दोष त्याचा. रॉसने तसा जबाब दिला होता. आपण डेलला काहीच सांगितलं नाही, असं त्याने सही करून लिहून दिलं.

डेल सांगत होता की रॉसनेच काढायला लावली. पण एकाविरुद्ध एक. दोरीमागच्या बहुतेकांना ऐकू आलं नव्हतं, आणि ज्यांना थोडंफार ऐकू आलं असेल त्यांना आता अचानक गाणी फार मोठ्याने वाजत होती असं आठवायला लागलं. उरली मर्ल.

तिने मला सगळं पहिल्याच आठवड्यात कुंपणावरून सांगितलं होतं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. कुंपणाची एक खिळा निघालेली फळी हलवत होती.

"रॉस म्हणाला, रेघेच्या आत बूट. डेल म्हणाला, जाळीवर बूट चढत नाही रे. तर रॉस म्हणाला, मग मोजे काढ, बुटाला पोलाद आहे की. साहेब बघतायत, आटप."

"आणि डेलने काढले?"

"विल्फ, तू रेघेच्या आत कधी मॅनेजरला नाही म्हणालायस?"

मी कधीच म्हणालो नव्हतो.

"मला म्हणाला, धर गं मावशी, पुढच्या वर्षी लागतील." फळी तिच्या हातातच निघून आली. "ते माझ्याकडेच आहेत. मी तशीच हातात घेऊन घरी आले."

मोजे तिने शेगडीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवले होते, केकच्या ट्रेंच्या खाली. ट्रे ओढला की ते खळखळायचे. कँटीनसाठी ती रोज स्कोनचे गोड पाव भाजायची, म्हणजे रोज खळखळायचे. तिने ते दुसरीकडे का ठेवले नाहीत हे मी विचारलं नाही. माझ्या मते तिला ते ऐकायचं होतं.

सुनावणी लॉन्सेस्टनला होती. तिच्या आधीच्या रविवारी मी मर्लच्या स्वयंपाकघरात तिच्या सुऱ्यांना धार लावत बसलो होतो. रॉस आला. बुटांसकट आला, आणि टेबलाशी बसला.

"विल्फकाका, जरा आम्हाला बोलायचं होतं."

"बोल की. मी बहिरा होतोय," मी म्हणालो आणि सुरी घासत राहिलो.

मर्लने त्याच्यासमोर चहा ठेवला. त्याने कपाला हात लावला नाही.

"मावशी, तुला बोलावणं आलंय असं ऐकलं."

"आलंय."

"तू सॉसेजेस भाजत होतीस. एवढंच सांगायचं. भाजतच होतीस ना?"

"आधी भाजत होते. मग पाणी घेऊन गेले."

"मावशी." त्याने आवाज खाली घेतला. "होबार्टवाले टपून बसलेत. मी हुकूम दिला असं निघालं तर मला हाकलतील, आणि दुसरी, दुपारची पाळी बंद करायला त्यांना आयतं निमित्त मिळेल. किती घरं आहेत दुसऱ्या पाळीची? माझं सोड, त्यांचा तरी विचार कर."

"डेलचं घर त्यातलंच आहे रे."

"डेलला मी बघीन. शपथेवर सांगतो. ऑफिसात बसून करायचं काहीतरी काम देईन."

"पाय देशील?"

एकदम रॉसचा चेहरा बदलला आणि मला जॉयसचा तो लहान मुलगा दिसला, पोपटाचा पिंजरा कवटाळून ट्रकमधून उतरणारा. "तू मला सांगितलं होतंस," तो म्हणाला. "आई गेली त्या दिवशी. म्हणाली होतीस, काही झालं तरी मी तुझ्या बाजूने."

मर्लने शेगडीकडे तोंड केलं. हातातलं भांडी पुसायचं फडकं तिने डोळ्यांना लावलं. माझं डोकं असं तापलं होतं की सुरीची धारच मी घालवून टाकली. असलं काही बोलायला जीभ तरी कशी रेटते माणसाची? पण खरं सांगायचं तर मला त्याची कीवही आली. तो घाबरलेला होता.

तो गेल्यावर मर्लने फरशीवरची त्याच्या बुटांची माती पुसली. पुसून झालेली जागाही परत पुसली.

दुसऱ्या दिवशी डेलची बायको केरिन आली. मोटेलातल्या खोल्या झाडून तशीच आली होती. आत यायला तयार नव्हती, पायरीवरच उभी राहिली.

"मी काही मागायला आले नाही, मावशी," ती म्हणाली. "आमची वकीलबाई म्हणते, पार्टी कुणाची हा एकच प्रश्न नाही. मालकाने त्याला ते करायला लावलं का, हा खरा प्रश्न आहे. डेलने मोजे तुमच्या हातात दिले असं तो म्हणतो. दिले होते का?"

मर्ल दाराची कडी धरून उभी होती. कुंपणापलीकडून मला दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

"बोलावलंय तर येईन," ती म्हणाली. "काय बोलेन ते मला आत्ता विचारू नकोस, बाळ."

केरिनने मान डोलावली आणि गेली. फाटक तिने इतक्या हळू लावलं की मला आपटल्यापेक्षा वाईट वाटलं.

मर्लला सुनावणीला मीच गाडीतून नेणार, हेही गावाला कळलंच होतं. दुकानात ब्रेड घ्यायला गेलो तर नॉर्म मोठ्याने म्हणाला, "काय विल्फ, मिलला कुलूप लावायला ड्रायव्हर म्हणून चाललायस म्हणे?"

"तुला ऐकू आलं होतं त्या दिवशी," मी म्हणालो. "माझ्यापेक्षा जवळ तू होतास. बावळटपणा कुणाचा म्हणत होतास रे, डेलचा की रॉसचा?"

"गाणी वाजत होती," नॉर्म म्हणाला आणि ब्रेडची तारीख वाचायला लागला.

सुनावणीच्या दिवशी सकाळी मर्ल माझ्या गाडीत बसली तेव्हा तिची मोठी पर्स मांडीवर होती आणि पर्समधून खळ असा आवाज आला. माझा जीव थोडा भांड्यात पडला. तिने मोजे घेतले होते. पण घेतले म्हणजे काढणारच असं थोडंच आहे? डोंगर उतरून आम्ही नदीच्या पुलावर आलो तशी म्हणाली, "थांबव."

"पुलावर?"

"थांबव म्हणते ना."

ती उतरली आणि पर्स घेऊन कठड्याशी गेली. खाली पाणी चहाच्या रंगाचं आणि खोल. तिची पाठ माझ्याकडे होती. मला दिसत होतं ते एवढंच, की तिने पर्स उघडली आणि आत हात घातला. मागून ओंडक्यांचा एक ट्रक आला, त्याने जोरात भोंगा वाजवला आणि पुलाला हादरवत निघून गेला. त्या आवाजात काही पडलं असतं तरी मला कळलं नसतं. मी खाली उतरायला हवं होतं का? उतरून काय म्हणणार होतो? पोरगा तिचा होता. शब्द तिने दिलेला होता.

ती परत येऊन बसली. पर्स दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरली. गाडी खड्ड्यातून नेली तरी आवाज आला नाही. मी मुद्दाम दोन खड्डे घेतले.

"नीट चालव," ती म्हणाली.

सुनावणीची खोली लहान होती. एका टेबलामागे निकाल देणाऱ्या बाई. एका बाजूला विम्याचा वकील आणि त्याच्यामागे इस्त्रीच्या शर्टातला रॉस. दुसऱ्या बाजूला डेलची वकीलबाई, केरिन आणि कुबड्या खुर्चीला टेकवून बसलेला डेल. मी भिंतीशी बसलो. मर्लने शपथ घेतली आणि पर्स मांडीवर ठेवून बसली.

"शर्यत सुरू व्हायच्या आधी तुम्ही कुठे होता?" डेलच्या वकीलबाईने विचारलं.

मर्ल पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. रॉस तिच्याकडे टक लावून बघत होता. केरिनने डोळे मिटले होते.

"बाई, प्रश्न कळला का?" टेबलामागच्या बाईंनी विचारलं.

"कळला." मर्लने घसा साफ केला. "मी सॉसेजेस भाजत होते."

रॉसचे खांदे सैल झाले. डेलने मान खाली घातली आणि आपल्या पायाकडे बघत राहिला. बँडेजवर मोजा चढवलेला होता आणि मोज्याला भोक होतं. मर्लही तिकडेच बघत होती. अख्खी हयात तिने त्या गड्यांच्या पायांकडे बघण्यात घालवली होती, ती सवय काही त्या खोलीत सुटली नाही.

"आधी भाजत होते," ती म्हणाली. "मग पाणी घेऊन ओंडक्याजवळ गेले. डेलच्या पायाशी उभी होते."

तिने पर्स उघडली. जाळीचे मोजे टेबलावर ठेवले तेव्हा केवढा तरी आवाज झाला.

"हे त्याने माझ्या हातात दिले. जाळीवर मिलचे बूट चढत नव्हते."

"मिलचे बूट घालायला त्याला कुणी सांगितलं?"

मर्ल रॉसकडे वळली. वकिलाकडे नाही, टेबलामागच्या बाईंकडे नाही. "माझ्या रॉसने," ती म्हणाली. "डेल म्हणाला चढत नाहीत, तर हा म्हणाला, मग मोजे काढ. मी ऐकलं. तू म्हणालास, बाळा. मी तिथेच होते."

मग विम्याचा वकील उठला. तरुण होता, आवाज गोड. रॉसला तिनेच लहानाचं मोठं केलं का, विचारलं. हो म्हणाली. क्लबची सेक्रेटरी तीच ना? हो. पार्टीची सगळी तयारी तिनेच केली ना? हो.

"मग पार्टी तुमचीच होती, मिलची नव्हती. बरोबर?"

"सॉसेजेस माझे होते," मर्ल म्हणाली. "केक माझा होता. पिवळी रेघ माझी नव्हती." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "क्लबची पार्टी असती तर त्याला अनवाणी उभं राहता आलं असतं. कुणी काही म्हटलं नसतं. रेघेच्या आत गेल्यावर आमचे गडी मॅनेजर सांगेल ते करतात. नाताळ असला तरी करतात. इतकी वर्षं मिलनेच तर त्यांना तसं शिकवलंय!"

रॉस उठला आणि दार उघडून बाहेर गेला. मर्ल त्या दाराकडे बघत राहिली. पुढचे प्रश्न तिला दोनदोनदा विचारावे लागले.

परत येताना तिने पुलावर थांबायला सांगितलं नाही. मीच न राहवून विचारलं, सकाळी तिथे काय करत होतीस म्हणून.

"टाकणार होते," ती म्हणाली. "हातात घेतले, तर आतून अजून डेलच्या पायाचा वास येत होता. आंबूस, घामट. कँटीनमध्ये यायचा ना, तसाच." मग ती रडायला लागली आणि घर येईपर्यंत रडत होती. मी गाडी नीट चालवली.

निकाल डेलच्या बाजूने लागला. मालकाने आपल्या जागेत बोलावलं, आपल्या मॅनेजरच्या हुकमाने जाळी काढायला लावली, तेव्हा जबाबदारी मालकाची, मग पार्टीला नाव कुणाचंही असो. ऑपरेशन झालं. डेल लंगडतो, पण चालतो. दुसरी पाळी बंद झाली नाही, आणि बंद होईल म्हणून जे मर्लला टाळत होते ते आपण कधी टाळलंच नव्हतं असं वागायला लागले. रॉसला मात्र कंपनीने काढलं. तो डेव्हनपोर्टला गेला, फेरीबोटीच्या धक्क्यावर माल उतरवायच्या कामाला लागला असं कानावर आलं. मर्लने फोन केले, त्याने उचलले नाहीत. तिने त्याच्या वाढदिवसाचा केक केला आणि मला आणून दिला. मी खाल्ला.

ती कँटीनमध्ये जातच राहिली. गड्यांचे पाय बघून टोमणे मारायची, पण पूर्वीची धार त्यात नव्हती. एकदा मला म्हणाली, "मी शब्द मोडला, विल्फ. पोर आई नसलेलं होतं, आणि मी शब्द मोडला."

"त्याने मोडायला लावला," मी म्हणालो.

"त्याने काहीही लावलं असेल. दिला मी होता."



पुढच्या नाताळात मिलमध्ये पार्टी झाली नाही. मर्लने मला जेवायला बोलावलं. भाजलेलं मेंढीचं मांस, पुदिन्याची चटणी, पावलोवा. टेबलावर तीन ताटं होती. बाहेर ऊन रणरणत होतं, आणि जाळीच्या दारातून माश्यांची घूं घूं ऐकू येत होती. आम्ही खायला सुरुवात करणार तोच फाटक वाजलं.

जाळीच्या दारापलीकडे रॉस उभा होता. वाळला होता. धक्क्यावरचे बूट पायात होते, तेच पोलादी नाकाचे. तो आत आला नाही, मर्लही उठली नाही.

"डेलकडे जाऊन आलो," तो जाळीतून म्हणाला. "सांगितलं त्याला की मी खोटं बोललो. त्याने दार लावून घेतलं."

"लावणारच," मर्ल म्हणाली.

"हो."

मला वाटलं, आता जाणार. मग तो पायरीवर खाली बसला आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागला. एक बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही दाराबाहेर नीट शेजारी शेजारी ठेवले. दार ओढून तो मोज्यांनी आत आला आणि ताटासमोर उभा राहिला.

मर्लने खाली बघितलं. त्याच्या डाव्या मोज्याचा अंगठा पार बाहेर आला होता.

"बस," ती म्हणाली. "गार होतंय."